फुलाशिवाय सही नाही

पानकाकांनी फाइलची नाडी सोडली, आतला जाड कागद दोन्ही तळहातांवर घेतला आणि भरल्या ताटासारखा आडवा धरून टेबलापर्यंत आणला. हर्बेरियममधला, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातला, कागद असाच न्यायचा असतो. उभा धरला, तर चाळीस वर्षं चिकटून बसलेलं पानसुद्धा रुसून गळून पडतं, असं संग्रहाचे प्रमुख म्हणून ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. हा कागद काही चाळीस वर्षांचा नव्हता. जेमतेम तीन वर्षांचा होता. तरी ते एकेक पाऊल मोजून टाकत होते.

कागदावर वाळवलेली एक डहाळी डकवलेली होती. सात पानं, त्यातलं एक मुद्दाम उलटं लावलेलं, म्हणजे पाठही दिसावी. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी होती. झाडाचं नाव, कुठे सापडलं, कोणी गोळा केलं, कोणी ओळखलं. चिठ्ठीतलं अक्षर गोल, ऐसपैस, ओळीबाहेर सांडणारं होतं, आणि ओळखणाऱ्याची सही मुंगीएवढी. सही पानकाकांची होती. अक्षर बारकीचं.

बारकी म्हणजे त्यांची मुलगी. एकुलती एक. उंचीला बापाच्याही डोक्यावर गेली तरी घरात तिचं नाव बारकीच राहिलं होतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत पानकाकांनी ही फाइल एकदाही उघडली नव्हती.

“काढलात शेवटी,” टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून बाई म्हणाल्या. वाळलेली झाडं कागदावर डकवायचं काम बाईंचं. सव्वीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसून, एकाच आकाराच्या कुंचल्याने खळ लावत आल्या होत्या.

“काढावाच लागला.”

“पत्र येऊन आठ दिवस झाले.”

“मला मोजता येतं, बाई.”

बाईंनी कुंचला पुन्हा खळीत बुडवला. पत्रात काय होतं ते पानकाकांनी त्यांना सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

पत्र दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंचं होतं. मजकूर साधा आणि अदबीचा होता. त्यांच्या रुग्णालयात दोन महिन्यांत यकृत बिघडलेल्या दोन बायका आल्या होत्या. दोघीही वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून एका झुडपाच्या पानांचा काढा घेत होत्या. एक बरी होऊन घरी गेली, दुसरी अजून दाखल आहे. ती पानं डॉक्टरीणबाईंनी प्रयोगशाळेत तपासून घेतली. ज्या शोधनिबंधावरून बातमी आली, त्यात म्हटलेलं गुणकारी द्रव्य त्या पानांत औषधालासुद्धा सापडलं नाही. उलट यकृताला इजा करणारं दुसरंच काही सापडलं. ‘निबंधावर संशय घ्यायचा हेतू नाही,’ असं त्यांनी लिहिलं होतं. ‘काम फार निगुतीनं केलेलं दिसतं. फक्त आपल्या संग्रहातला मूळ नमुना एकदा पुन्हा पाहाल का?’

‘निगुतीनं’ हा शब्द पानकाकांनी बाकीच्या पत्रापेक्षा जास्त वेळा वाचला होता.

काम निगुतीचं होतंच. बारकी रसायनशास्त्राची. ओढ्याकाठच्या या झुडपाच्या पानांतून तिने एक द्रव्य वेगळं केलं, ते काचेच्या बशीतल्या यकृताच्या पेशींवर घातलं, मग उंदरांना दिलं. सूज उतरली. आठ महिने तिच्या बोटांना त्या पानांचा वास होता. ती गेल्यावर पानकाका तिच्या वह्या छातीशी धरून तिच्या सरांकडे गेले आणि म्हणाले, हे छापा. सर म्हणाले, बघू. पानकाका दर गुरुवारी जाऊन बसायला लागले. निबंध आठ महिन्यांपूर्वी छापून आला. पहिलं नाव तिचं होतं. नावाच्या डोक्यावर एक बारीकसा क्रूस आणि पानाच्या तळाशी ओळ: या लेखिका आता हयात नाहीत.

वर्तमानपत्राने मग पेशी गाळल्या, उंदीर गाळले आणि छापलं की यकृताचं औषध तुमच्या कुंपणातच आहे.

पानकाकांनी भिंग डोळ्याला लावलं. या झुडपाच्या दोन जाती होत्या. हर्बेरियममध्ये त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची पद्धत होती. थोरली घराघरांत, कुंपणाला, कुंडीत. धाकटी रानटी, ओढ्यानाल्याला. पानं दोघींची सारखी. इतकी सारखी की पुस्तकातसुद्धा लेखकांनी हात टेकले होते. फरक फक्त फुलात. थोरलीच्या फुलाच्या घशात बारीक केसांचं कडं असतं, धाकटीचा घसा साफ. चिठ्ठीवर नाव थोरलीचं होतं. आणि डहाळीला फूल नव्हतं.

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर पुठ्ठ्याची एक पाटी होती. त्यांनीच लिहून लावलेली. ‘फुलाशिवाय सही नाही.’ दूरदूरचे प्राध्यापक त्या पाटीला हसत आणि मुकाट्याने फुलाचा हंगाम येईपर्यंत थांबत. तीस वर्षांत त्यांनी तो नियम कोणासाठी मोडला नव्हता. एकदा सोडून. त्या दिवशी बारकी धावत आली होती, दप्तर पाठीला तसंच.

“बाबा, सही कर ना रे. सरांना फॉर्म आजच द्यायचाय.”

“फूल?”

“फूल यायला आठ महिने आहेत. थोरलीच असणार ना? सगळीकडे तीच तर असते.”

“पाटी वाचता येते का?”

“येते. पाटी बाहेरच्यांसाठी आहे.”

आणि त्यांनी हसत सही केली होती. लाडाने. तिच्या केसांत ओढ्याकाठची कुसळं अडकली होती, ती काढून दिली आणि सही केली.

आता त्यांनी सातही पानं भिंगातून पाहिली, उलटं पान दोनदा पाहिलं. पानांनी काही सांगितलं नाही. डहाळीच्या बाजूला नेहमीप्रमाणे कागदाचं छोटं पाकीट डकवलेलं होतं. नमुन्यावरून काही गळलं तर ते फेकायचं नाही, पाकिटात टाकायचं, हा इथला रिवाज. पण हे पाकीट बाईंनी त्यांच्यासमोरच रिकामं डकवलं होतं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला. ज्या ओढ्याकाठून ती डहाळी आली, तो ओढा म्हणजे आता संग्रहालयाच्या पाठीमागचा डांबरी रस्ता आणि त्याच्या पलीकडची नवी वसाहत. ओढा बुजून वर्ष झालं होतं.

घरी बारकीची आई बाल्कनीत बसून दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती भरत होती. मोठ्या कुंडीत थोरली चांगली माजली होती. निबंध आल्यावर पानकाकांनीच तिची फांदी आणून लावून दिली होती, तिला विरंगुळा म्हणून. आता तिच्या फांद्या तोडून डब्यात रुजवायच्या आणि ओळखीपाळखीच्यांना द्यायच्या, हे बारकीच्या आईचं काम होऊन बसलं होतं. देताना ती एकच वाक्य म्हणायची. ‘माझ्या लेकीचं झाड आहे.’

“सहावा डबा,” ती म्हणाली. “समोरच्या बिल्डिंगमधल्या त्या शिक्षकांना हवंय.”

“राहू दे आज.”

“का? मूळ धरलंय छान.”

पानकाका आत गेले. दिवाणखान्यात निबंधाचं पहिलं पान चौकटीत लावलेलं होतं. बारकीचा फोटो होता आतल्या खोलीत, कपाटात, पालथा. फोटोकडे बघवत नाही, असं तिची आई म्हणायची. या पानाकडे बघवायचं. त्यातलं एक अक्षर तिला कळत नव्हतं, पण रोज सकाळी ती काच पुसायची आणि पुसताना पहिल्या नावाशी थोडी थांबायची. घर पुन्हा चालू झालं होतं ते या चौकटीच्या आधाराने. आधी चार-चार दिवस चूल थंड असायची.

“खालच्या आजींच्या पायांची सूज उतरतेय म्हणे,” बाल्कनीतून आवाज आला.

“म्हणजे?”

“पंधरा दिवस घेताहेत ना काढा. सकाळ-संध्याकाळ.”

पानकाका बाल्कनीच्या दारात येऊन उभे राहिले. “मी म्हटलं होतं ना, प्यायचं नाही म्हणून? उंदरांवर केलंय ते.”

“मी कुठे पितेय! आणि आजी माझं ऐकतात होय?” ती हसली. हल्ली ती अशी कधी कधी हसायची. “त्यांना म्हटलं, अहो, उंदरांचं औषध आहे. तर म्हणाल्या, मग मला लवकर लागू पडेल.”

“त्यांना म्हणावं, दोन दिवस थांबा.”

“का?”

त्यांनी कुंडीकडे पाहिलं. “कीड दिसतेय पानांना.”

“कीड?” तिने एक पान उलटं केलं, उजेडाला धरलं, दुसरं पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात तिला त्यांची खोटी वाक्यं लगेच कळायची. तरी ती उठून खाली जाऊन सांगून आली. परत आल्यावर हात धुता धुता ती म्हणाली, तिची नेहमीची गोष्ट, महिन्यातून एकदा तरी निघणारी.

“काय सांगायचं असेल हो तिला त्या दिवशी?”

पानकाकांनी तिच्या हातात टॉवेल दिला. त्या दिवशी बारकी हर्बेरियमच्या दारात येऊन उभी राहिली होती, हात पाठीमागे बांधून. पंधरा दिवस कपाटांत कीड झाली होती, पानकाकांचं डोकं फिरलेलं होतं, अंगाला डांबरगोळ्यांचा वास मारत होता. ‘बाबा, वेळ आहे का रे? जरा सांगायचंय.’ आणि ते मान वर न करता म्हणाले होते, ‘आज नको, बारके.’ संध्याकाळी त्यांनी बायकोला हसत सांगितलंही होतं, की पोरगी काहीतरी सांगायला आली होती, हात मागे लपवून, लाजत होती, लग्नाबिग्नाचं असेल. दोघं त्यावर खूप वेळ बोलले होते. कोण असेल मुलगा, कसा असेल. आपण होऊन विचारायचं नाही, तिची तीच सांगेल, असं ठरलं होतं. अकरा दिवसांनी तिला ताप आला. ताप डोक्यात गेला. सहा दिवस ती रुग्णालयात होती आणि त्या सहा दिवसांत तिने कोणाला ओळखलं नाही.

“कोणी असता तर आला असता ना भेटायला?” बारकीची आई म्हणाली. “इतक्या दिवसांत एकदा तरी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पानकाका सरांच्या खोलीत बसले होते. पत्र वाचून झाल्यावर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सर माणूस वाईट नव्हता. बारकीच्या शेवटच्या सहा दिवसांत ते रुग्णालयाच्या जिन्यावर बसून असायचे.

“रसायन बरोबर आहे,” सर म्हणाले. “त्यावर मी डोळे मिटून सही करेन. द्रव्य खरं आहे, परिणाम खरा आहे. झाडाचं नाव चुकलं असेल तर ते दुरुस्त करता येतं. मासिक दुरुस्ती छापेल.”

“ताबडतोब?”

“हो. लोक पिताहेत म्हटल्यावर ताबडतोब. पण चूक कशी झाली, ते त्यात लिहावं लागतं.” त्यांनी थोडा वेळ कीबोर्डवर टकटक केली आणि पडदा पानकाकांकडे वळवला. “असं चालेल का बघा.”

पडद्यावर दोनच ओळी होत्या. नमुना गोळा करताना प्रथम लेखिकेकडून गफलत झाल्याने झाडाची जात चुकीची नोंदली गेली. प्रथम लेखिका आता हयात नाहीत.

पानकाका ते वाचत राहिले.

“तिने चूक केली नव्हती,” ते म्हणाले. “ओळख मी दिली. सही माझी आहे.”

“माहीत आहे मला.” सर पुढे वाकले. “तुमच्या सहीवर इथले दोनशे निबंध उभे आहेत. एक सही फुलाशिवाय केलेली निघाली, तर उद्या सगळे बाकीच्या सह्या तपासायला येतील. निवृत्तीला तुमची दोन वर्षं राहिलीत. कशाला? तिला आता कोण काय विचारणार आहे? मी तुम्हालाच वाचवतोय.”

आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, पानकाकांना बरं वाटलं. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय, आणि त्यांना स्वतःची इतकी किळस आली की ते उठूनच उभे राहिले.

“आजचा दिवस द्या मला,” ते म्हणाले. “आधी कागद दुरुस्त करतो. मग मासिक.”

हर्बेरियममध्ये जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत, खोडतही नाहीत. ओळख चुकली तर तिच्या शेजारी नवी चिठ्ठी डकवायची. बरोबर नाव, ओळखणाऱ्याचं नाव, तारीख. जुनी चूकही तशीच राहते, सगळ्यांना दिसत. पानकाकांनी शंभरेक मोठ्या लोकांच्या चुकांशेजारी अशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या आणि, खोटं कशाला बोला, थोड्या मजेनेच डकवल्या होत्या. आज त्यांनी कोरी चिठ्ठी घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि तसेच बसून राहिले.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“लिहिता येत नाही.”

“हात दुखतोय?”

“धाकटी आहे म्हणून लिहायचंय. धाकटीच असणार. पण असणार म्हणूनच तर मागच्या वेळी सही केली. फूल बघितल्याशिवाय पुन्हा कसं लिहू?” त्यांनी पाठीमागच्या रस्त्याकडे हात केला. “आणि ओढा बुजवलाय, बाई. त्या झाडाचं फूल आता कुठून आणू?”

बाईंनी कुंचला खाली ठेवला. 

“फूल आहे की.”

“कुठे?”

“तुमच्यासमोर. पाकिटात.”

पानकाकांनी पेन खाली ठेवलं.

“तुम्ही तिला घालवून दिलंत ना त्या दिवशी? तुमच्या किडीच्या धांदलीत? ती मग माझ्याकडे आली. म्हणाली, बाई, माझा कागद काढून द्या. त्याच झुडपाला आता फूल आलंय, ते पाकिटात टाकते, बाबा बघेल नंतर. मी दिला काढून.” बाई गोंधळल्या. “तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, तुमचीच पोर, तुमचाच कागद. आणि नंतर तर तुम्ही त्या कपाटाला कोणाला हात लावू देत नव्हतात.”

पाकीट उघडायला त्यांना वेळ लागला. बारकी पाकिटाचा कोपरा आत दुमडायची, इतरांसारखा बाहेर नाही. कोपरा आत होता. हे काल दिसायला हवं होतं. आतून दोन फुलं निघाली, चहाच्या पत्तीसारखी सुकलेली, आणि चौघडी केलेला वहीचा एक कपटा.

कपटा त्यांनी बाजूला ठेवला. आधी फूल. बाईंनी किटलीतलं कोमट पाणी बशीत ओतून दिलं. फूल पाण्यात टाकलं की ते हळूहळू सैल होतं आणि दोन-चार मिनिटांत पुन्हा फुलासारखं दिसायला लागतं. पानकाकांनी ते हजारदा पाहिलं होतं. आज त्यांना ते बघवेना, तरी ते बघत राहिले. मग सुईने पाकळ्यांची नळी उभी चिरली आणि भिंग लावलं.

घसा साफ होता. एकही केस नाही.

त्यांनी कपटा उलगडला. वर तारीख होती, ‘आज नको’ची. खाली तेच ऐसपैस अक्षर.

‘घशात केस नाहीत. पाच फुलं पाहिली, पाचही साफ. म्हणजे ही धाकटी! आपली ओळख चुकली. निबंध पाठवण्याआधी नाव बदलणे. बाबाला सांगणे, पण मूड बघून.’

शेवटच्या दोन शब्दांखाली दोनदा रेघ मारलेली होती.

पानकाकांनी कपटा पालथा घातला आणि त्यावर हात ठेवला. अकरा दिवस. कपाटांची कीड पाचव्या दिवशीच आटोक्यात आली होती. सहाव्या, सातव्या, आठव्या दिवशी ते तिच्यासमोर बसून जेवले होते. ती त्यांच्याकडे बघून हसत होती आणि ते मनात म्हणत होते, सांगेल, तिची तीच सांगेल. ती मूड बघत होती. आणि ती गेल्यावर दर गुरुवारी सरांच्या दारात बसून, चुकलेलं नाव छापा म्हणून गळ घालणारेही तेच होते.

ते रडायला लागले. टेबलावर डोकं टेकून, लहान मुलासारखं, आवाज करून. बाईंनी उठून आधी ओल्या डोळ्यांखालचा नमुन्याचा कागद आडवा धरून बाजूला सरकवला, मग त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने त्यांनी नवी चिठ्ठी पुढे ओढली. झाडाचं नाव लिहिलं, धाकटीचं. ‘ओळखणारे’ या शब्दापुढे पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी तिथे बारकीचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. तारीख लिहिली ती कपट्यावरची. चिठ्ठी बाईंकडे दिली. बाईंनी ती वाचली, मागे खळ लावली आणि त्यांच्या मुंगीएवढ्या सहीच्या शेजारी, नेमक्या सरळ रेषेत डकवली.

सरांना त्यांनी तिथूनच फोन केला. 

“तुमच्या दोन ओळी काढा,” ते म्हणाले. “मी सांगतो तसं घाला. झाडाची ओळख संग्रहाच्या प्रमुखाने फुलाशिवाय दिली आणि ती चुकली. प्रथम लेखिकेने ती चूक स्वतः शोधून नमुन्यात नोंदवून ठेवली होती. प्रमुखाने ती वेळेवर पाहिली नाही.”

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली, मग थांबली. 

“पाहिली नाही, की तुम्हाला दाखवली नाही?” सरांनी विचारलं.

“पाहिली नाही,” पानकाका म्हणाले. “दाखवायला ती आली होती. आणि त्या डॉक्टरीणबाईंना आधी कळवा. मासिकाची वाट बघू नका.”

पानकाका दुपारीच घरी आले, तेव्हा बारकीची आई बाल्कनीत कुंडीसमोर पाट टाकून बसली होती. एकेक पान पालथं करून पाहत होती.

“कीड नाहीये,” मान न वळवता ती म्हणाली. “सगळं झाड बघितलं. आता खरं काय ते सांगा.”

ते तिच्याशेजारी खालीच बसले. सांगायला फार वेळ लागला नाही. दोन जाती, फुलाचा घसा, त्यांची सही, दोन आजारी बायका. ती ऐकत होती आणि तिचे हात मातीत होते. मध्येच एकदा तिने दिवाणखान्यातल्या चौकटीकडे पाहिलं.

“म्हणजे ते खोटं?”

“नाही. तिचं काम खरं आहे. नाव चुकलंय, आणि ते माझ्यामुळे.”

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून कपटा काढला. तिने हात पदराला पुसले, कपटा घेतला, आणि अक्षर दिसताच तो डोळ्यांजवळ धरला. ती वाचायला लागली. वाचताना ओठ हलत होते. शेवटच्या ओळीशी आली आणि एकदम हसली. मोकळं, जोरात, बारकी असताना हसायची तसं.

“मूड बघून!” ती म्हणाली. “पोरीला जन्मभर थांबावं लागलं असतं.”

आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. पानकाकांनी तिला जवळ घेतलं. दोन वर्षांत दोघं वेगवेगळ्या खोल्यांत रडली होती. आज एकाच कुंडीसमोर रडली.

“म्हणजे कोणी मुलगा नव्हताच,” खूप वेळाने ती म्हणाली.

“नाही. हातात फूल होतं.”

“मी त्याच्यावर किती रागावले होते हो. भेटायला आला नाही म्हणून.”

तिने कपटा होत्या त्याच घड्यांवर परत दुमडला. मग काहीतरी आठवल्यासारखं तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“हे तिथलं आहे ना? पाकिटातलं?”

“हो.”

“आणि तिथलं काही बाहेर न्यायचं नसतं म्हणून तुम्ही तिला एकदा तासभर झापलं होतं. एका पानासाठी.”

“हो.”

“उद्या परत नेऊन ठेवा,” ती म्हणाली. “ती रागावेल.”

ती उठली. मोठ्या कुंडीतलं झाड तिने स्वतःच मुळापासून उपटलं, फांद्या जुन्या गोणीत कोंबून तोंड बांधलं. मग स्वयंपाकघरातून बाजाराची मोठी पिशवी आणली, पायांत चपला सरकवल्या. पानकाका म्हणाले, थांब, मी जातो, मी सांगतो सगळ्यांना, चूक माझी आहे.

“डबे मी वाटलेत,” ती म्हणाली आणि जिना उतरली.

पानकाका उघड्या दारात उभे राहिले. खालच्या मजल्यावर आजींच्या दाराची घंटा वाजली, दार उघडलं. 

“आजी, तो काढा ओतून टाका. आणि डबा द्या परत. आणि उद्या आमच्याबरोबर डॉक्टरकडे चला, रक्त तपासून घेऊ.” मध्ये आजी काहीतरी म्हणाल्या. “नाही हो, कीडबीड काही नाही. हे ते झाड नव्हे. आमच्या बारकीनं शोधून काढलंय. तिनं केव्हाच सांगून ठेवलं होतं, आम्हालाच बघायला उशीर झाला.”

पानकाकांनी दार ओढून घेतलं, आणखी एक पिशवी घेतली आणि समोरच्या बिल्डिंगकडे जायला जिना उतरले.